औषध संपले तर जाब कुणाला विचारायचा?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या अंकातील वाचकांच्या पत्रांत आरोग्यसेवेबद्दलची तक्रार हमखास असते. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, औषध बाहेरून आणायला सांगितले, योजनेत नाव असूनही पैसे भरावे लागले, गोळ्या महागल्या, लस मिळाली नाही. शेवटचे वाक्य मात्र बहुतेक पत्रांत एकच असते: 'सरकारने याकडे लक्ष द्यावे.' तक्रार खरी असते, पण ती ज्याच्या दारात जाते त्याच्या हातात बहुधा काहीच नसते. आरोग्य प्रशासन, औषध खरेदी आणि रक्तपेढ्या या कामांशी संबंध आलेले आम्ही काहीजण आहोत. कोणता निर्णय कोण घेते आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात घेते, हे लोकांना नीट सांगितले जात नाही, असे आम्हाला वाटते. पत्र लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

आधी आपल्या शहरापुरते पाहू. मेडिकल आणि मेयो ही राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये. डागा आणि प्रादेशिक मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाची. शहरातली नागरी आरोग्य केंद्रे महापालिकेची, तर काटोल-रामटेककडची प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये पुन्हा राज्याच्या आरोग्य विभागाची. मिहानमधले एम्स थेट केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे. कामगार विमा रुग्णालयाचा कारभार वेगळा, केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस दवाखान्यांचा आणखी वेगळा. एका शहरात इतके मालक असल्याचा परिणाम रुग्णाला रोज भोगावा लागतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत केले, अशी बातमी सगळ्यांनी वाचली. पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा होता आणि त्याच विभागाच्या रुग्णालयांना लागू होता. म्हणून डागात पैसे लागत नाहीत आणि मेडिकलच्या खिडकीवर मात्र वाद होतात. खिडकीवरच्या कारकुनाने ते शुल्क ठरवलेले नसते.

दुसरी गोष्ट राज्यघटनेची. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे सातव्या परिशिष्टात राज्य सूचीतले विषय आहेत. वैद्यकीय शिक्षण, वैद्यकीय व्यवसाय आणि औषधे समवर्ती सूचीत आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणारे संसर्गजन्य आजार रोखणे हाही समवर्ती विषय. त्यामुळे दिल्लीला नागपूरच्या दवाखान्यात एक परिचारिका नेमण्याचा हुकूम काढता येत नाही. दिल्ली पैसे देते आणि पैशांसोबत अटी घालते. 'राष्ट्रीय निर्णय' म्हणतात तो बहुतेक वेळा असा असतो.

हे सगळे एका आजारावरून सांगतो, म्हणजे हवेत बोलणे होणार नाही. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भाच्या पाचवीला पुजलेला आहे. आदिवासी समाजांत तो आहेच, पण आपल्याकडे अनुसूचित जातींत आणि काही इतर मागास समाजांतही तो मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलच्या एका मुलाला काय काय लागते ते पाहा: निदानाची चाचणी, हायड्रॉक्सियुरियाचे औषध, न्यूमोकोकल लस, वेळेला रक्त, खुब्याचे हाड झिजले तर शस्त्रक्रिया आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या टेबलावर ठरते.

चाचणीपासून सुरुवात करू. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची घोषणा २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून ते सुरू झाले. लक्ष्य असे: १७ राज्यांतल्या बाधित आदिवासी भागांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. वर्षे, वयोगट, आकडा आणि भाग हे सगळे दिल्लीत ठरले. कोणती किट वापरण्याजोगी आहेत हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, पडताळून सांगते. किटच्या खर्चाच्या मानाने फायदा किती, हे मोजण्यासाठी आरोग्य संशोधन विभागाखाली एचटीए-इन नावाची यंत्रणा आहे. लोकांना तिचे नावही माहीत नसते, पण एखादी चाचणी सरकारी कार्यक्रमात येते की नाही, यात तिच्या अहवालाचे वजन असते.

पण अभियान जाहीर झाले म्हणून पारशिवनीतल्या एखाद्या उपकेंद्रात किट आपोआप पोहोचत नाही. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. महाराष्ट्रासाठी त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. तो पैसा ज्या कागदातून वाहतो त्याला आरोग्य खात्यात सगळे 'पीआयपी' म्हणतात, म्हणजे कार्यक्रम अंमलबजावणी आराखडा. त्याचा प्रवास असा. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडून आणि आरोग्य केंद्रांकडून गरजा तालुक्याला कळतात. तालुक्यांवरून जिल्ह्याचा आरोग्य कृती आराखडा तयार होतो. तो मुंबईला राज्य आरोग्य सोसायटीकडे जातो, तिथे सगळ्या जिल्ह्यांचे मिळून राज्याचा आराखडा होतो. तो दिल्लीत राष्ट्रीय कार्यक्रम समन्वय समितीसमोर मांडला जातो. त्या बैठकीनंतर केंद्र जे मंजुरीपत्र काढते त्याला 'आरओपी' म्हणतात. त्यात प्रत्येक बाबीसमोर 'मंजूर', 'प्रलंबित' किंवा 'नामंजूर' असे लिहिलेले असते आणि किती नग, किती दराने, हेही असते. २०२२-२४ आणि २०२४-२६ हे आराखडे दोन-दोन वर्षांचे झाले. म्हणजे एकदा हुकलेली बाब पुढच्या आवर्तनापर्यंत लोंबकळते. मध्येच पूरक प्रस्ताव पाठवता येतो, पण त्याला फार वेळ लागतो.

या प्रवासात काय बिघडते, ते आतल्या लोकांना पाठ आहे. पहिला दोष गावापासूनच सुरू होतो. गावची समिती भरत नाही, आणि भरली तर तिच्या नावावर वर्षाला येणाऱ्या दहा हजारांच्या अबंधित निधीपलीकडे चर्चा जात नाही. मग तालुका गेल्या वर्षीचा तक्ता उघडतो, आकडे थोडे वाढवतो आणि पुढे ढकलतो. दुसरा दोष लेखाशीर्षांचा. प्रत्येक बाबीला एक एफएमआर कोड, म्हणजे खर्चाच्या नोंदीचा क्रमांक, असतो. सिकलसेलचे पक्के निदान करणारे एचपीएलसी यंत्र घ्यायचे तर यंत्र एका कोडखाली जाते. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार मनुष्यबळाच्या कोडखाली, त्यात लागणारी रसायने तिसऱ्याखाली आणि वार्षिक देखभाल चौथ्याखाली. यातला एक जरी कोड आराखड्यात मांडायचा राहिला तर यंत्र खोक्यातून बाहेर येते आणि झाकून ठेवले जाते. आपल्याला वाटते, डॉक्टरांना काम करायचे नाही. खरे कारण असते की रसायनांची ओळ कुणी लिहिलीच नव्हती.

तिसरा दोष वेळेचा. केंद्राचा हप्ता राज्याने आपला ४० टक्के हिस्सा टाकण्यावर आणि आधीच्या रकमेच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर अवलंबून असतो. कागद उशिरा गेला की हप्ता उशिरा येतो. मग पैसा वर्षाच्या शेवटी हातात पडतो आणि मार्चमध्ये घाईने खर्च होतो. कंत्राटी तंत्रज्ञ आणि समुपदेशकांचे मानधन थकते ते यातूनच. ती माणसे संप करतात तेव्हा त्यांच्यावर राग काढण्याआधी हे लक्षात घ्यावे.

चाचणीबद्दल आणखी एक सांगायलाच हवे, कारण इथे चूक झाली तर संसार बिघडतात. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त चाळणी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावेच लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात ही चाळणी फसते, कारण बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अजून भरपूर असते. आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेले असेल तर एचपीएलसीचा निकालही दिशाभूल करतो, कारण दात्याचे रक्त त्यात मिसळलेले असते. सात कोटींचा आकडा गाठताना चाळणी झालेली माणसे मोजली जातात. पक्के निदान होऊन ज्यांच्या हातात अहवाल पडला, ती किती, हे जिल्ह्याने वेगळे मोजून जाहीर करावे. लक्ष्याची मोजपट्टी आदिवासी भागाची असल्याने शहरातल्या इतर बाधित वस्त्या मागे पडण्याचा धोका आहे. त्यावर उपायही आराखड्यातच आहे. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांसाठी तपासणीची स्वतंत्र ओळ मागता येते. दिल्लीला राज्याने मागितलेलेच मंजूर करता येते, न मागितलेले नाही.

आता औषध. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतले तर वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी होते. पण ते मिळण्यासाठी दोन वेगळ्या रांगा आहेत, किमतीची आणि पुरवठ्याची.

किमतीची रांग आरोग्य मंत्रालयात नाहीच. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, १९९७ मध्ये स्थापन झाले आणि रसायने व खते मंत्रालयाच्या औषधनिर्माण विभागाखाली काम करते. कोणते औषध 'अत्यावश्यक' हे मात्र आरोग्य मंत्रालयाची समिती ठरवते. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत ३८४ औषधे आहेत. सूचीतले औषध २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली आले की त्याची कमाल किंमत ठरते. रीत अशी: बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडांची किरकोळ विक्रेत्याला पडणारी किंमत घ्यायची, साधी सरासरी काढायची आणि त्यावर विक्रेत्याचे १६ टक्के धरायचे. समजा पाच ब्रँडांची किंमत १०, १२, २०, २८ आणि ३० रुपये आहे. बेरीज शंभर, सरासरी २०, कमाल किंमत २३ रुपये २० पैसे, अधिक कर. आता यातली खोच पाहा. ही सरासरी विक्रीच्या प्रमाणात नाही, नुसती ब्रँडांची आहे. महाग ब्रँड थोडाच खपत असला तरी सरासरी वर ओढतो. दहा रुपयांत विकणाऱ्यालाही २३ पर्यंतची मोकळीक कागदावर दिसते, तरी त्याला ती घेता येत नाही. ज्याची किंमत कमाल मर्यादेच्या आत आहे त्याने ती तशीच ठेवायची, असा नियम आहे.

दर एप्रिलला या किमती घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हलतात. २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढीची मुभा मिळाली, २०२४ मध्ये ती जवळजवळ शून्य होती, २०२५ मध्ये १.७४ टक्के. सूचीबाहेरच्या औषधांना वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. म्हणून 'औषधे महागली' एवढे लिहून भागत नाही. सूचीतले औषध महागले की बाहेरचे, हे आधी पाहावे लागते.

सूचीतही औषध नुसत्या नावाने नसते. रूप आणि मात्रा दोन्ही नमूद असतात. हायड्रॉक्सियुरियाची सर्रास मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. पंधरा किलोच्या मुलाला सुरुवातीला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरले तर दिवसाला १५० ते २२५ मिलिग्रॅम लागते. कॅप्सूल फोडून पाण्यात कालवून अंदाजाने पाजणे हा उपाय नव्हे. हे पेशींवर काम करणारे औषध आहे, मात्रा चुकली तर रक्तपेशी घसरतात, म्हणूनच ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते. लहानग्यांसाठी कमी मात्रेचे तोंडावाटे देण्याचे औषध विकसित करण्यासाठी आयसीएमआरने २०२४ मध्ये कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले, ते यासाठीच. मात्रेचा प्रश्न सुटला नाही तर औषध सूचीत असूनही मूल औषधाविना राहते.

पुरवठ्याची रांग राज्यात आहे. २०१७ पासून सरकारी रुग्णालयांची खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत होत असे. २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आले. रुग्णालये वर्षाची मागणी नोंदवतात, ती एकत्र होते, ई-निविदा निघते, दरकरार होतो, पुरवठा आदेश जातो, नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात, मग माल वखारीतून रुग्णालयात येतो. या साखळीतली सगळ्यात वाईट चूक पहिल्याच पायरीवर होते. मागणी गेल्या वर्षीच्या वापरावरून ठरते. गेल्या वर्षी औषध सहा महिने नव्हतेच, तर वापर अर्धाच दिसतो. मग यंदाची मागणीही अर्धी जाते आणि टंचाई स्वतःच स्वतःला जन्म देत राहते. हे तोडायचे तर 'किती दिले' याबरोबर 'किती जणांना नाही म्हटले' याची नोंद औषध खिडकीवर व्हायला हवी. म्हणून रुग्णांना आमची कळकळीची सूचना: औषध नसेल तर केसपेपरवर 'उपलब्ध नाही' असे लिहून मागा. ते दोन शब्द पुढच्या वर्षीच्या मागणीचा पुरावा ठरतात. तोंडी नकाराची नोंद कुठेच राहत नाही.

औषधाच्या दर्जाचा निर्णय तिसरीकडे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली. त्यातली बरीच परत गेली नाहीत. त्यांनी घेतलेल्या खोकल्याच्या औषधात तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. ते पाजले मध्य प्रदेशात, बनवले तमिळनाडूत, आणि मुले दगावली आपल्या शहरात. उत्पादनाचा परवाना आणि कारखान्याची तपासणी १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे मुख्यतः राज्याच्या यंत्रणेकडे असते. दिल्लीतल्या सीडीएससीओकडे, म्हणजे देशाच्या औषध महानियंत्रकांकडे, नवीन औषधांना मान्यता, चाचण्यांना परवानगी, आयात आणि लसी-रक्तघटकांसारखे विषय. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असे वेष्टनावर छापण्याचा आदेश दिल्लीहून डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. औषध कारखान्यांसाठीचे नवे उत्पादन नियम, म्हणजे 'शेड्यूल एम', त्याच महिन्यातले, आणि लहान-मध्यम उत्पादकांना त्यासाठी २०२५ अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली. आदेश दिल्लीचा, तपासणारा निरीक्षक राज्याचा. मधल्या फटीत मुले गेली. ही फट बुजवण्याची मागणी अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयाकडे करून उपयोग नाही, तिथे मागायचे ते वेगळे आहे: आपल्या जिल्ह्यातल्या दुकानांतून आणि सरकारी भांडारांतून दर महिन्याला किती नमुने उचलले, किती निकाल आले, किती दिवसांत आले. संशयित औषधाची बाटली टाकून देऊ नये. बॅच क्रमांक, उत्पादन-मुदतीची तारीख आणि बिल यांशिवाय कोणताही निरीक्षक पुढे जाऊ शकत नाही.

लसीबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त आहेत. औषध महानियंत्रकांनी लसीला परवानगी दिली म्हणजे ती सरकारी दवाखान्यात मिळणार, असे नाही. परवानगीचा अर्थ ती विकता येईल एवढाच. सरकारी लसीकरणात ती घ्यावी की नाही, याची शिफारस एनटागी हा २००१ पासूनचा तांत्रिक सल्लागार गट करतो. आजाराचा भार किती, लस किती टिकते, शीतसाखळीत जागा किती लागेल, हे आधी त्याची स्थायी तांत्रिक उपसमिती तपासते. शिफारशीनंतर आरोग्य अभियानाच्या वरच्या समित्यांची मंजुरी, मग पैसा, मग खरेदी, मग टप्प्याटप्प्याने राज्ये. न्यूमोकोकल लस २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांत सुरू झाली, देशभर यायला २०२१ उजाडले. ती आता सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन वेळांना मोफत मिळते, आणि सिकलसेलच्या बाळासाठी यातला एकही डोस चुकू देऊ नये. कारण त्याची प्लीहा लवकर निकामी होते आणि न्यूमोकोकसचा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. दोन वर्षांनंतर अशा मुलांना लागणारी २३ प्रकारांची लस मात्र सार्वत्रिक लसीकरणात नाही. ती हवी तर जिल्ह्याच्या आराखड्यात सिकलसेलच्या शीर्षाखाली मागावी लागेल. एनटागीच्या बैठकांची इतिवृत्ते मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात, ज्यांना शक्य आहे त्यांनी वाचावीत.

रक्ताचे थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या. प्रक्रिया शुल्काची मर्यादा राष्ट्रीय परिषद ठरवते. २०२२ च्या दरांनुसार लाल पेशींच्या पिशवीला सरकारी केंद्रात ११०० आणि खासगीत १५५० रुपये. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाच्या रुग्णांना ओळखपत्रावर रक्त मोफत देण्याची तरतूद आहे. ओळखपत्र सोबत नेले नाही म्हणून पैसे भरणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. रक्तकेंद्राने पैसे मागितलेच तर पावती घ्या आणि तक्रार राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे करा, रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे नव्हे.

खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी लोक 'आयुष्मान'चे कार्ड घेऊन येतात. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ ची, ती चालवणारे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण २०१९ चे. महाराष्ट्रात ती महात्मा जोतीराव फुले योजनेला जोडलेली आहे आणि राज्य आरोग्य हमी सोसायटी ती राबवते. कोणता उपचार पॅकेजमध्ये, त्याचा दर किती, कोणता उपचार फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव, हे रुग्णालय ठरवत नाही. रुग्णालय फक्त पूर्वमंजुरी मागते. नकाराची नेहमीची कारणे तीन: रुग्णालय योजनेत आहे पण त्या विशेषतेसाठी नाही, शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही, किंवा भरती होऊन दोन दिवस झाल्यावर आरोग्यमित्राकडे (योजनेच्या रुग्णालयातल्या प्रतिनिधीकडे) जाणे. तिसरे टाळणे आपल्याच हातात आहे. भरती होताच आरोग्यमित्र गाठा, आपत्कालात दूरध्वनीवरून मंजुरीची सोय आहे. पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आरोग्य मंत्रालयाच्या कक्षेतच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे आणि हा कायदा सामाजिक न्याय मंत्रालयाचा. डॉक्टर फक्त मोजमाप करतात, टक्केवारी मोजण्याचे नियम त्या मंत्रालयाचे. सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असल्याने वाहक व्यक्तीला प्रमाणपत्र मिळत नाही आणि रुग्णाला भरतीचे, रक्त चढवल्याचे जुने कागद नसतील तर टक्केवारी कमी बसते. डिस्चार्ज कार्डे जपून ठेवायला प्रत्येक आशाताईने घरोघरी सांगावे.

डॉक्टर किती तयार होतील हा आणखी एक निर्णय, तो राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा. (नागपुरात 'एनएमसी' म्हटले की महापालिका समजतात, आणि दोन्हीकडची पत्रे चुकीच्या टपालात पडतात.) आणि या सगळ्यावर पैसा किती, हे वित्त विभाग ठरवतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के करायचे म्हटले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता आणि आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. हा फरक कोणतीही समिती भरून काढू शकत नाही, तो विधिमंडळात आणि संसदेतच भरावा लागतो.

म्हणून वेळेचे भान महत्त्वाचे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांचे मंत्री याच शहरात असतात. पुरवणी मागण्या तेव्हाही मांडल्या जातात. मोर्चे निघतात, निवेदने स्वीकारली जातात. त्या निवेदनात 'सिकलसेलकडे लक्ष द्या' असे न लिहिता 'अमुक रुग्णालयातील एचपीएलसीच्या रसायनांसाठी आणि तंत्रज्ञासाठी तरतूद करा, यासंबंधी आमदारांनी लक्षवेधी मांडावी' असे लिहिले आणि लक्षवेधी स्वीकारली गेली तर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावेच लागते. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती आरोग्याला निधी देते, तिचा आराखडाही हिवाळ्यातच आकार घेतो. एनपीपीए कमाल किमतींचे प्रस्तावित हिशेब हरकतींसाठी दहा कामकाजी दिवस संकेतस्थळावर ठेवते, रुग्णांच्या संघटना तिथे क्वचितच लिहितात, कंपन्या मात्र लिहितात. संसदेची आरोग्यविषयक स्थायी समिती वर्तमानपत्रांतून जाहिरात देऊन लोकांची निवेदने मागवते, ती जाहिरात आपल्याही अंकात येत असेल तर बातमीच्या पानावर तिची नोंद घ्यावी.

जिल्हा प्रशासनाकडे आमची मागणी एकच आहे. पुढचा जिल्हा आरोग्य कृती आराखडा मुंबईला जाण्यापूर्वी किमान पंधरा दिवस मराठीत जिल्हा परिषद, महापालिका आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळांवर ठेवावा, आणि परत येणाऱ्या मंजुरीपत्रातले नागपूरचे आकडे प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फलकावर लावावेत. तोवर ज्यांना माहिती हवी त्यांनी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर 'सिकलसेल कार्यक्रमाचा गेल्या दोन वर्षांचा एफएमआर कोडनिहाय मंजूर निधी, प्राप्त निधी आणि झालेला खर्च' एवढेच मागावे. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

आपले,
आरोग्य प्रशासन, औषध खरेदी व रक्तपेढी क्षेत्रातील काही निवृत्त कर्मचारी,
नागपूर